पिकांच्या छायाचित्रांची तारीखवार मांडणी

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. अशा वेळी पूर्वी घेतलेली पिकांची छायाचित्रे उपयोगी पडतात. परंतु लग्नकार्याच्या चित्रांत मिसळलेली असल्यास ती पंचनाम्याच्या दिवशी सापडत नाहीत. म्हणून ती तारीखवार लावून ठेवणे हिताचे होय.

प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र फोल्डर करावा. नावात प्रथम वर्ष, मग महिना व शेवटी दिवस लिहावा, उदाहरणार्थ, ‘२०२१-०७-०५’. महिना व दिवस दोन अंकीच लिहावेत, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. तारखेपुढे गट क्रमांक व पिकाचे नाव घालावे.

छायाचित्र घेतल्याची तारीख व वेळ फोन त्या फाइलमध्येच नोंदवितो. याकरिता फोनचे घड्याळ बरोबर असावे. फाइल दुसरीकडे उतरविल्यास यादीत पुष्कळदा उतरविल्याची तारीख दिसते. तेव्हा ‘तपशील’ उघडून मूळ तारीख पाहावी व तीच फोल्डरला द्यावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडलेल्या छायाचित्रात ही नोंद उरत नाही. यास्तव मूळ प्रत पुसू नये.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही रीत पावसाळ्यापूर्वीच शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी.