हवामान करारांचे मूल्यमापन : आकड्यांना विचारावयाचे तीन प्रश्न



जालना जिल्ह्यातील माणसाला हवामानाचा प्रश्न केवळ पुस्तकातून शिकावा लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि गावेच्या गावे टँकरची वाट पाहत बसली. त्या दुष्काळाचे सारे खापर जागतिक तापमानवाढीवर फोडणे शास्त्रशुद्ध होणार नाही. १९७२ चा दुष्काळही मराठवाड्याने सोसलेला आहे. तथापि तापमान वाढले की जमिनीतील ओल लवकर उडून जाते आणि कोरड्या वर्षाची झळ अधिक तीव्र होते, एवढे निश्चित. म्हणूनच दूरदेशी होणारे हवामान करार हा आपल्याही जिव्हाळ्याचा विषय ठरतो. या करारांमुळे कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचे उत्सर्जन खरोखर घटते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मुख्य टप्पे लक्षात घेऊ. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे हवामान बदलविषयक आराखडा करार झाला. १९९७ च्या क्योटो करारान्वये विकसित देशांनी आपले उत्सर्जन २००८ ते २०१२ या काळात १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी घटविण्याचे मान्य केले. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपले लक्ष्य स्वतः ठरवावे, असे सूत्र स्वीकारण्यात आले. या काळात काय घडले? इंधने जाळल्यामुळे व सिमेंटसारख्या उद्योगांमुळे जगात होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १९९० साली सुमारे २२ ते २३ अब्ज टन होते. २०२३ साली ते ३७ अब्ज टनांच्या आसपास पोहोचले.

मग हे करार निष्फळ ठरले, असे म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. करार झाल्यानंतर काय घडले, एवढेच पाहून भागत नाही. करार झालाच नसता तर काय घडले असते, याच्याशी तुलना करावी लागते. एक उदाहरण घेऊ. एखाद्या वसतिगृहाने पाणी जपून वापरण्याचा नियम केला आणि महिनाअखेरीस वापर निम्म्यावर आला, असे समजा. नियम यशस्वी झाला, असे लगेच म्हणता येईल काय? त्या महिन्यात निम्मी मुले सुटीवर गेली असतील, तर श्रेय नियमाचे नव्हे. मुले कपडे धुण्यासाठी शेजारच्या विहिरीवर जात असतील, तर वापर घटला नाही, त्याची केवळ जागा बदलली. आणि ठरविलेली मर्यादाच नेहमीच्या वापराहून अधिक असेल, तर ती पाळण्यात विशेष काही नाही. घट नियमामुळे झाली काय, ती खरी घट आहे की स्थलांतर, आणि मुळात वचन किती कसोशीचे होते, हे तीन प्रश्न प्रत्येक हवामान कराराला विचारले पाहिजेत.

पहिल्या प्रश्नाने क्योटो कराराकडे पाहू. पहिल्या कालखंडात शेवटपर्यंत सहभागी राहिलेल्या ३६ देशांनी एकत्रितपणे आपले लक्ष्य ओलांडून घट दाखविली. परंतु त्या घटीचा मोठा भाग रशिया, युक्रेन आदी देशांचा होता. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथील कारखाने बंद पडले आणि उत्सर्जन आपोआप घसरले. तेव्हा क्योटो करार जन्मालाही आला नव्हता. शिवाय अमेरिकेने कराराला संमती दिली नाही आणि कॅनडाने २०११ मध्ये माघार जाहीर केली.

याच प्रश्नाचे अधिक जवळचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. क्योटो कराराच्या ‘स्वच्छ विकास यंत्रणे’नुसार विकसनशील देशातील प्रकल्पाने एक टन उत्सर्जन टाळले की त्यास एक प्रमाणपत्र मिळे. श्रीमंत देशातील उद्योग ते विकत घेई आणि तेवढे उत्सर्जन स्वतः करण्यास मोकळा होई. भारतातील अनेक पवनऊर्जा प्रकल्पांना अशी प्रमाणपत्रे मिळाली. आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याचे पठार आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मात्र पवनचक्की उभारणाऱ्यास घसाऱ्यापोटी मोठी करसवलतही मिळत असे. प्रमाणपत्राचे पैसे मिळाले नसते, तरी यांतील किती प्रकल्प उभे राहिलेच असते? भारतीय पवनऊर्जेविषयीच्या एका सखोल अभ्यासाचा निष्कर्ष असा की, किमान ५२ टक्के प्रमाणपत्रे बहुधा एरवीही उभारल्या गेलेल्या प्रकल्पांना मिळाली. येथे पवनचक्की खोटी नव्हती, तिची वीजही खोटी नव्हती. परंतु तिच्या नावावर परदेशात जादा धूर सोडण्याची मुभा मिळाली. अशा व्यवहाराने जगाचे एकूण उत्सर्जन घटत नाही, उलट वाढते.

दुसरा प्रश्न स्थलांतराचा. जालन्यातील पोलाद उद्योग डोळ्यांसमोर आणा. येथील भट्ट्या प्रामुख्याने विजेवर चालतात आणि भंगार वितळवून सळया तयार करतात. कोळसा मात्र दूरच्या औष्णिक वीजकेंद्रात जळतो आणि सळई पुण्या-मुंबईच्या इमारतीत जाते. मग ते उत्सर्जन कोणाच्या नावे मांडावे : वीजकेंद्राच्या, कारखान्याच्या की इमारतीत राहणाऱ्याच्या? देशांच्या बाबतीतही हीच अडचण येते. करारांचा हिशेब देशाच्या सीमेत झालेल्या उत्सर्जनाचा असतो. त्यामुळे एखाद्या देशाने कारखाना बंद करून तोच माल आयात केला, तरी त्याच्या खात्यात घट दिसते. क्योटो कराराच्या एका अभ्यासात असे आढळले की, बंधन स्वीकारलेल्या देशांचे अंतर्गत उत्सर्जन सुमारे ७ टक्क्यांनी घटले, परंतु आयात माल जमेस धरता त्यांच्या एकूण उपभोगामागील उत्सर्जनात फरक पडला नाही.

तिसरा प्रश्न वचनाच्या कसोशीचा. पॅरिस करारात भारताने २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील उत्सर्जन, ३३ ते ३५ टक्क्यांनी घटविण्याचे वचन दिले. २०१९ पर्यंतच ३३ टक्के घट झाल्याचे भारताने कळविले आणि २०२२ मध्ये हे लक्ष्य ४५ टक्क्यांवर नेले. या काळात देशाचे एकूण उत्सर्जन मात्र वाढतच राहिले. याचा अर्थ वचन मोडले असा नाही. वचनच तीव्रतेविषयी होते. त्याच वेळी न्यायाची बाजूही विसरता कामा नये. दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन भारतात सुमारे २ टन, तर अमेरिकेत सुमारे १४ टन आहे. दोघांना एकच मोजपट्टी लावणे योग्य ठरणार नाही.

तर मग पॅरिस कराराचा काहीच उपयोग झाला नाही काय? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या अहवालानुसार, करार झाला तेव्हाच्या धोरणांवरून २०३० पर्यंत उत्सर्जन १६ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज होता. तो आता ३ टक्क्यांवर आला आहे. यातील किती श्रेय कराराचे आणि किती स्वस्त झालेल्या सौरऊर्जेचे, हे वेगळे करणे कठीण आहे. वाढीचा वेग मंदावला, हे खरे. परंतु तापमानवाढ रोखण्यासाठी जी प्रत्यक्ष घट हवी, ती अद्याप फार दूर आहे.

करार परिणामकारक होऊ शकतो, याचा दाखला १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने दिला आहे. ओझोनच्या थराला घातक रसायने वर्ज्य करताना त्या कराराने सदस्य नसलेल्या देशांशी त्यांच्या व्यापारावर निर्बंध घातले, गरीब देशांसाठी निधी उभारला आणि उत्पादकांना पर्यायी रसायनांकडे वळविले. ती रसायने जवळजवळ वापरातून गेली. कोळसा व तेल मात्र साऱ्या अर्थव्यवस्थेत मुरलेले असल्याने तेथे हेच काम अनेक पटींनी अवघड आहे.

सारांश, हवामान करार हे निव्वळ कागद नव्हेत आणि रामबाण औषधही नव्हेत. स्वाक्षरीचा सोहळा पाहून हुरळून जाऊ नये, तसेच सर्व व्यर्थ आहे म्हणून पाठही फिरवू नये. शेवटी एक स्वाध्याय सुचवितो. आपल्या शाळेच्या वीजमीटरची नोंद दरमहा ठेवा. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यावरून शाळेचे उत्सर्जन काढा. पुढील वर्षी आकडा घटला तर लगेच टाळ्या वाजवू नका. सुट्या किती होत्या, भारनियमन किती झाले, काही काम मीटरबाहेर गेले काय, हे आधी तपासा. त्यानंतर जी घट उरेल, ती तुमची खरी कमाई.