माळकऱ्यांनो, बी-१२ तपासून घ्या

वारीत चालून दुखलेले पाय चार-आठ दिवसांत बरे होतात. पण वारी होऊन महिने लोटले तरी तळपायाला मुंग्या येतात, पहाटे अंधारात चंद्रभागेकडे निघालं की तोल जातो, तोंडपाठ हरिपाठ मधेच अडतो, असं होत असेल तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. यामागे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ती कशी, हे कळायला आधी मेंदूतल्या पेशी पाहू.

मेंदूत चेतापेशींच्या जवळजवळ बरोबरीने ग्लिया पेशी असतात. १८५६ साली रुडॉल्फ फिरखो यांनी त्यांना नाव दिलं ते चेतापेशींना धरून ठेवणारा चिकट लेप समजून. प्रत्यक्षात त्यांची कामं मोठी आहेत. काही ग्लिया मेंदूतला कचरा खाऊन टाकतात. अल्झायमरच्या संशोधनात आज त्यांच्याकडे बारकाईने पाहिलं जातं. काही ग्लिया चेतातंतूंवर मायलिन चढवतात, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. त्यामुळे संदेश वेगाने जातो. शिकण्यातही मायलिनचा वाटा असतो. २०१४ मधल्या एका प्रयोगात उंदरांमध्ये नवं मायलिन तयार होणं थांबवलं, तर त्यांना विषम दांड्यांच्या चाकावर धावणं नीट जमेना. मठात मृदंग शिकणाऱ्या पोराची बोटं सरावाने वळतात, त्यातही मायलिनचा हात असावा असं मला वाटतं.

हे मायलिन टिकायला बी-१२ लागतं. भाजी-भाकरीत ते नसतं. मांस-अंडी न खाणाऱ्या माळकऱ्याला मिळतं ते दूध-दह्यातून, आणि कित्येक घरांत दूध फक्त चहापुरतं येतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे ६७ टक्के जणांत बी-१२ कमी निघालं. गरोदरपणी बी-१२ कमी असलेल्या आयांची मुलं नवव्या वर्षी लक्ष आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली, हेही पुण्यातच दिसलं. म्हणून सुनेची तपासणी सासऱ्याच्या आधी करा.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ आणखी घटू शकतं. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना तपासणी सांगायला लावा. नुसतं फॉलिक ॲसिडही मनाने घेऊ नका. त्याने रक्त सुधारतं, पण नसांची हानी आतून चालूच राहते. उपचार लवकर सुरू झाले तर बरीच हानी भरून येते, उशीर झाला तर काही कायमची राहते.

माळ घातल्यामुळे औषधाला नाही म्हणू नका. औषधातलं बी-१२ जिवाणूंकडून बनवून घेतात. कॅप्सूलचं कवच मात्र जिलेटिनचं असू शकतं, तेव्हा दुकानात साधी गोळी मागा.