मुरगळलेला घोटा आणि आजीची आंबेहळद

सिंहगड उतरताना घोटा मुरगळलेल्या एका वाचकाला प्रश्न पडला आहे: आजी म्हणते तसा आंबेहळदीचा लेप लावून चोळावा की एक्स-रे काढावा?

लेपाला हरकत नाही. चोळण्याला मात्र आहे. पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरचा अस्थिबंध ताणतो, कधी फाटतो. ताज्या दुखापतीवर मालिश केली की सूज वाढते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज आणि उशीवर पाय, एवढं पुरतं.

एक्स-रेची कसोटी ओटावातल्या डॉक्टरांनी १९९२मध्ये मांडली. घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर फोटो काढावा.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, असं नव्हे. ऑक्टोबर २०२३मध्ये गहुंजेत पायाने चेंडू अडवताना हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला. फिजिओंचा ताफा असूनही तो उरलेल्या विश्वचषकाला मुकला.

वेदना झेपेल तसं चालायला लागावं. पुढे दात घासताना त्या एका पायावर अर्धा मिनिट उभं राहावं, बेसिनला हात टेकण्याच्या अंतरावर. तोल साधेपर्यंत गडाची वाट नको.