दुसऱ्या पानावरची ओळ

चि. बाळास,


तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. दोन पीडीएफ, तीन लिंका आणि खाली एकच वाक्य: ‘काका, बाबांची आरएनए टेस्ट करून घेऊ, पुढे काय होणार ते कळेल.’ काकाची एकतीस वर्षं भोसरीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेली. पुढचं सांगणारी बरीच यंत्रं त्याने येताना पाहिली आणि भंगारात जातानाही. तरी त्याने चष्मा लावून दोन्ही पीडीएफ वाचल्या. त्यांत दम आहे. पण तू चाकणला क्वालिटीत आहेस, तेव्हा त्या क्वालिटीवाल्याच्या नजरेनेच वाच.

दादांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूपर्यंत गेलेला नाही. निदानाच्या वेळी चारांतले साधारण तीन रुग्ण याच अवस्थेत असतात. यात गाठ काढली तरी परत उगवते, हा नेहमीचा त्रास. खरी भीती असते ती काही थोड्या जणांत ती खोल स्नायूत शिरण्याची. ते थोडे कोण, हे आधी ओळखायचं कसं?

2006 साली युरोपातल्या डॉक्टरांनी 2,596 रुग्णांच्या नोंदी एकत्र करून गुणांचा तक्ता बनवला. गाठी किती, केवढ्या, याआधी झाल्या होत्या का, किती खोल, पेशी किती बिघडलेल्या आणि अस्तरात सपाट पसरलेला कॅन्सर सोबत आहे का, अशा सहा गोष्टी. पाच वर्षांत गाठ पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता सौम्य गटात 0.8 टक्के निघाली आणि सगळ्यात वाईट गटात 45. टोकाच्या माणसांना तक्ता पुरतो. मधे लटकलेल्यांसाठी आरएनए हवा.

डीएनए म्हणजे कपाटातलं मास्टर ड्रॉइंग आणि आरएनए म्हणजे शॉपवर उतरलेलं जॉब कार्ड. कपाटात ड्रॉइंगं हजार असतील, आज कुठलं काम चालू आहे ते जॉब कार्डं चाळल्यावरच समजतं. डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या संशोधकांनी गाठींची ही कार्डं वाचायला घेतली. 2021 साली त्यांनी 834 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या 535 गाठींच्या आरएनएवरून चार वर्ग पडले आणि ‘2अ’ वर्गातल्या गाठी पुढे सरकण्यात सर्वांत वाईट ठरल्या. त्याआधी 2017 मध्ये त्यांच्या बारा जनुकांच्या स्कोरची मोठी पडताळणी छापून आली होती. तो स्कोर ज्या तंत्राने मोजला ते तुझ्याही नाकातून जाऊन आलंय: कोविडवाली आरटी-पीसीआर.

आता त्या 2017 च्या कागदातला एक आकडा बघ. रुग्ण घेतले 1,224 आणि निकषांत बसून मोजल्या गेल्या 750 गाठी. स्कोर किती अचूक हे तू पाहिलंस, काकाचं बोट मात्र या दोन आकड्यांवरच थांबलं. माल तपासायच्या आधी सॅम्पल तपासतात, हे तुला वेगळं सांगायला नको.

आणि हे सॅम्पल भलतंच नाजूक. बोटाच्या त्वचेवरचं एन्झाइमसुद्धा आरएनए तोडतं. आपल्या हिंजवडीतल्या जेनोव्हाने देशातली पहिली एमआरएनए लस काढली, 2022 मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या 2 ते 8 अंशांत टिकते याची केवढी बातमी झाली, ती उगाच नाही. दादांची गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीतून मेणाच्या ब्लॉकमध्ये गेली, आणि फॉर्मॅलिनमध्ये आरएनएचे तुकडे पडतात. त्यातूनही मोजमाप करता येतं, नाही असं नाही. पण टेस्ट विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचार की तुमचा स्कोर ताज्या नमुन्यांवर तपासलाय की ब्लॉकवर?

लघवीतले पाच एमआरएनए मोजणारीही एक टेस्ट आहे, सरकारी टीबी केंद्रातल्या सीबीनॅटच्याच मशीनवर चालणारी. पण ती गाठ आत्ता आहे का ते शोधते. पुढचं भाकीत हे वेगळं काम, आणि तुझ्या लिंकांपैकी एकीने दोन्हींची खिचडी केली आहे.

आता दादांची फाइल उघड. पहिल्या बायोप्सी रिपोर्टचं दुसरं पान, खालून तिसरी ओळ: नमुन्यात स्नायू आढळला नाही. घरातल्या कुणीही ती ओळ वाचली नव्हती, काकानेही नाही. स्नायूच आला नाही तर गाठ स्नायूत शिरली की नाही हे कोण सांगणार? दुसऱ्या डॉक्टरांनी ती वाचली, पाचव्या आठवड्यात पुन्हा खरवडून घेतलं, तेव्हा स्नायू आला आणि तो स्वच्छ निघाला. त्या एका ओळीने जेवढं ठरवलं तेवढं तुझा स्कोर आज तरी ठरवणार नाही.

शिवाय स्कोर लॉटबद्दल बोलतो. शंभरात वीस पीस फेल जातील म्हटलं की तू लॉट अडवतोस. इथे लॉट एका पीसचा आहे, आणि तो बाल्कनीत बसून पेपर वाचतोय.

तुझी खरी गोम काकाला ठाऊक आहे. बीसीजीचे सहापैकी चार डोस झाले आणि जळजळीने दादा टेकीला आले. टेस्ट चांगली आली तर उरलेले दोन टळतील, असं तुम्हा बापलेकांनी मनात धरलंय. हडपसरच्या सीरममध्येही बनणारी ही औषधी बीसीजी आपल्या दंडावरच्या व्रणाच्याच घराण्यातली. कॅनडात मोरालेस यांनी 1976 साली नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला, तेव्हापासून ती टिकून आहे. कॅथेटरने आत सोडायची, दोन तास धरून ठेवायची. दादा ते दोन तास भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, दर पंधरा मिनिटांनी कूस बदलत काढतात आणि मग कमोडमध्ये ब्लीच ओततात. कंटाळा येणारच. पण जळजळीचं डॉक्टरांना सांग, डोसमधलं अंतर वाढवायचं की औषध द्यायचं ते बघतील. परस्पर थांबवू नका.

अजून एक गोष्ट फाइलमध्ये नाही. रबर शॉपमध्ये दादांची वीस वर्षं गेली, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नाही. रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने 1895 मध्येच दाखवल्या होत्या. आज रबर उत्पादन आणि रंगकाम दोन्ही कॅन्सरकारक कामांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहेत. गेटबाहेरच्या टपरीवरची सिगारेट तर त्याहून मोठी गुन्हेगार. दादांनी ती सोडली. तुझ्या जॅकेटच्या खिशातलं लायटर काकाने गणपतीत पाहिलं होतं.

शुक्रवारी सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी, आहे. पहिली शिफ्ट बदलून घे. काका सव्वासातला नाशिक फाट्यावर उभा राहील. येताना दोन्ही रिपोर्ट आण, आणि ब्लॉक लॅबमध्ये किती वर्षं जपून ठेवतात ते फोन करून विचारून ठेव. टेस्टचं डॉक्टरांना तूच विचार, काका शेजारी बसेल.

तुझा,
काका