रब्बी ज्वारी: पेरणीपासून दावणीपर्यंत

मंगळवेढ्याच्या काळ्याभोर रानापासून बीड-जामखेडकडील मध्यम जमिनीपर्यंत ज्या मुलखाचा खरा हंगाम रब्बीचा, तेथे ज्वारीचे पीक केवळ दाण्याच्या राशीवरून जोखणे हा निम्माच हिशेब होय; कारण घरातील माणसे बाजारातून धान्य आणून एखादे वर्ष निभावून नेतील, परंतु दावणीची बैलजोडी आणि दुभती म्हैस उन्हाळ्यात कडब्यावाचून तगत नाहीत, आणि टंचाईच्या साली विकतचा कडबा कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात राहत नाही. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१, पुढे अधिक उत्पन्नाचे वाण निघूनही, मध्यम जमिनीत आपले स्थान राखून आहे ते याच कारणाने. भारी जमिनीस फुले वसुधा, हलक्या जमिनीस फुले अनुराधा घेणे श्रेयस्कर. शेजाऱ्याने पेरले म्हणून तेच बी मुरमाड माळावर टाकण्याची हौस मात्र आवरावी.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत, ओल पाहून उरकावी. फार आधी पेरल्यास खोडमाशी कोवळा पोंगा मारते. फार उशीर केल्यास दाणा भरण्याच्या ऐन वेळी ओल सरते आणि खडखड्याने ताटे बुंध्याशी पोकळ होऊन लोळतात. हेक्टरी १० किलो बी पुरेसे आहे. काणीचा बंदोबस्त बियाण्यापाशीच करावयाचा असल्याने किलोमागे ४ ग्रॅम ३०० मेश गंधक चोळावे, आणि दोन चाड्यांच्या पाभरीने ४५ सेंटिमीटर अंतरावर बी व खत एकाच वेळी पेरून द्यावे; मागाहून फेकलेले खत कोरड्या मातीवर निरुपयोगी पडून राहते.

यापुढील सारी मदार कोळपणीवर. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या, पाचव्यात अखंड पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने मशागत करावी. पैकी तिसरी पाळी, तण दिसत नाही या सबबीवर, पुष्कळजण टाळतात. वस्तुतः त्या सुमारास काळ्या रानात मनगट शिरेल एवढ्या भेगा पडून खालची ओल उडून जात असते, आणि त्या मातीने बुजविणे हेच या पाळीचे मुख्य प्रयोजन आहे.

पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा तिचे फुटवे जनावरांच्या तोंडी लागू देऊ नयेत. त्यांत हायड्रोसायनिक आम्लाचे विष तयार होऊन किराळ लागते; जनावर धापा टाकते, थरथरते, पोट फुगते आणि घटकाभरात दगावू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास तातडीने बोलवावे. फुलोऱ्यानंतर कापलेल्या व नीट वाळविलेल्या वैरणीत हे भय राहत नाही.

काढणीनंतर पेंढ्या पूर्ण वाळल्याशिवाय गंज रचू नये; ओलसर पेंढी आतून बुरसते आणि बुरसलेली वैरण जनावरांना बाधते. गंज उंचवट्यावर, वर शाकारून रचावी. कडब्याची कुट्टी करून घालावी. अखंड ताटातील बुडखे जनावर पायाखाली तुडवून टाकते, आणि मे महिन्यात त्याच नासाडीची तूट भरून काढण्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात.