ठसका थांबला, तरी धोका टळला असे नव्हे

संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी बोरन्हाण होते. लहानग्याच्या डोक्यावरून बोरे, मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे ओततात आणि जमलेली मुले ते वेचून खातात. या गडबडीत दीड-दोन वर्षांचे मूल दाणा तोंडात टाकते. हसता-पळताना त्यास जोराचा ठसका लागतो. काही वेळाने ठसका थांबतो, मूल खेळू लागते व मोठी माणसे निश्चिंत होतात. परंतु खऱ्या दुखण्याचा प्रारंभ कित्येकदा येथूनच होतो.

असे का घडते?

हे अपघात प्रामुख्याने तीन वर्षांखालील मुलांत घडतात. दाढा पुरत्या आलेल्या नसल्याने दाणा नीट चावला जात नाही व तो श्वासनलिकेत उतरतो. नलिकेची उजवी शाखा अधिक रुंद व सरळ असल्याने तो बहुधा तिकडे जातो. शेंगदाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, खेळण्यातील शिट्टी यांपासून हा धोका असतो. नागपूरकडे ज्या घरी खर्रा खाल्ला जातो, तेथे सुपारीची खांडेही मुलांच्या हाती लागतात.

फसवी शांतता

वस्तू एका जागी स्थिरावली की खोकला कमी होतो. विकार मात्र आत वाढत राहतो. वस्तूने मार्ग अर्धवट अडविल्यास हवा आत जाते पण बाहेर पडत नाही, आणि फुप्फुस फुगते. मार्ग पूर्ण बंद झाल्यास तो भाग आकसतो. बी ओलाव्याने फुगते. शेंगदाण्यातील तेलाने नलिकेचा दाह होतो. पुढे न्यूमोनिया, पू होणे व श्वासशाखांची कायमची विकृती असे गंभीर परिणाम संभवतात. अशा मुलावर दमा किंवा क्षय समजून महिनोन्‌महिने उपचार होण्याचाही संभव असतो. वनस्पतिजन्य पदार्थ क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. म्हणून 'त्या दिवशी ठसका लागला होता' ही मातेने दिलेली माहिती डॉक्टरांस सर्वांत मोलाची ठरते.

उपचार

१८९७ मध्ये जर्मनीतील गुस्टाव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेले हाड दुर्बिणीच्या साह्याने काढले. आज मुलास भूल देऊन याच मार्गाने वस्तू काढली जाते. असा प्रसंग आल्यास मुलास विनाविलंब नागपूरच्या 'मेडिकल'सारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

तत्काळ काय करावे?

मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. घशात आंधळेपणाने बोट घालू नये. वस्तू अधिक खोल जाते. आवाज व श्वास बंद झाल्यास एक वर्षाखालील बाळास हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. मोठ्या मुलास पाच थापांनंतर बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने पाच वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत हे आलटून-पालटून करावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाच वर्षांखालील मुलास अख्खे दाणे देऊ नयेत. कूट करून द्यावे. बोरन्हाणात केवळ मुरमुऱ्यांचा वर्षाव केला, तरी सोहळ्याची गोडी कमी होणार नाही.