स्त्रीराज्याची कथा : पुनर्कथन आणि क्रियापदाचे लिंग

मध्ययुगीन आख्यायिकेचे स्त्रीवादी किंवा क्विअर, म्हणजे लिंगभावाच्या ठरीव चौकटी नाकारणारे, पुनर्कथन केवळ नायकाच्या जागी नायिका बसवून सिद्ध होत नाही. मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (१८१९) या ग्रंथात आलेली स्त्रीराज्याची कथा पाहा. गोरक्षनाथ आपल्या गुरूंना, मच्छिंद्रनाथांना, तेथून ‘सोडवतो’ असे आपण सहज म्हणतो. या एका क्रियापदाने ते राज्य बंदिशाळा ठरते. राणीच्या बाजूने पाहिल्यास पती आणि पुत्र मीननाथ यांना ‘नेले’ जाते.

गोरक्ष तेथे स्त्रीवेषाने, कलावंतिणीच्या ताफ्यातून, मृदंग वाजवीत पोहोचतो. परंपरेने हा वेष निव्वळ युक्ती मानला. पुनर्कथनाने थांबावे ते नेमके येथे. वेषातील गोरक्षाने ‘मी आलो’ म्हणावे की ‘मी आले’? इंग्रजीत हा प्रश्न उद्भवत नाही, प्रमाण मराठीत तो टाळता येत नाही. मात्र सांगली-कोल्हापूरकडील बोलीत अनेक स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात. याच भागातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीशी गोरक्षनाथांची आख्यायिका जोडलेली आहे. तेथील बोलीत ही अद्भुतकथा लिहिली, तर राणी आणि गोरक्ष एकाच क्रियारूपात बोलतील. अर्थात ही बोलीची रूपव्यवस्था आहे. ती वापरणाऱ्या स्त्रिया काही बंड करीत नसतात. तिच्यातून क्विअर अर्थ निर्माण करणे हे लेखकाचे काम.

स्वाध्याय : दरबारातील मृदंगवादनाचा प्रसंग राणीच्या प्रथमपुरुषी निवेदनातून, आधी प्रमाण मराठीत व नंतर या बोलीत, लिहा. कोणत्या वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग लपते, ते अधोरेखित करा.